गाडीतली काळी खुंटी

गोमुखी गाडीत कुठं ठेवावी, एवढाच प्रश्न होता.

(ज्यांच्या घरी नसेल त्यांच्यासाठी सांगते. गोमुखी म्हणजे जपमाळ ठेवायची कापडी पिशवी. हात आत घालायचा, मणी ओढायचे, नाम घ्यायचं, आणि आपली माळ किती झाली याचा शेजारणीला पत्ता लागू द्यायचा नाही.) मांडीवर ठेवली तर गाडीतून उतरताना ती खाली पडते. मागच्या सीटवर ठेवली तर सासूबाई तिच्यावर बसतात. समोरच्या खणात ह्यांचं गाडी पुसायचं फडकं असतं, आणि त्या फडक्यानं आजवर काय काय पुसलंय ते देवाला न कळलेलंच बरं.

तेव्हा मला ती खुंटी दिसली. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, डॅशबोर्डच्या खाली, काळी, जाड डोक्याची आणि बारीक मानेची. आमच्या देवघरात घंटेला असते अगदी तशी. तिच्यावर कधीकाळी काही छापलेलं असावं, पण ते केव्हाच पुसून गेलं होतं. मी ह्यांना विचारलं, ही कशाची?

"कशाचीच न्हाई," हे म्हणाले. "वसंतानं गाडी विकताना सांगितलं व्हतं, ह्याला हात लावू नको, आपल्याकडच्या उन्हात हे कधी लागत न्हाई. मी आजवर हात लावला न्हाई."

ह्यांचा स्वभावच तसा. एकदा कुणी सांगितलं की पाळायचं. बियाण्याच्या कंपनीत नोकरी करतात, उगवण-तपासणीच्या विभागात. तिथं लॉट पास म्हणजे पास, फेल म्हणजे फेल. घरी भाजीसुद्धा ते त्याच नजरेनं बघतात. (ह्यांचं नाव मी घेत नाही. ते परमेश्वर आहे. त्यामुळे भजनी मंडळात तो शब्द आला की मला खोकला येतो, आणि आमच्या भजनात तो फार येतो.)

ज्या वस्तूला इतक्या वर्षांत कुणाचा हात लागला नाही, तिच्याहून शुद्ध जागा गाडीत दुसरी कोणती? नवरात्राच्या पहिल्याच दिवशी मी गोमुखी खुंटीवर अडकवली. खुंटी जरा बाहेर आली. जुनी गाडी, जुनी खुंटी, थोडी सैल असायचीच, असं म्हणून मी नमस्कार केला.

आता नवसाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर अडलं होतं.

आमची मुलगी आकांक्षा नर्सच्या भरतीची परीक्षा द्यायला संभाजीनगरला गेली, ती याच गाडीनं. ती आत पेपर लिहीत होती आणि आम्ही बाहेर गाडीत बसलो होतो. हे झोपले होते, सासूबाई शेंगा सोलत होत्या, आणि मी डॅशबोर्डवर हात ठेवून अंबडच्या मत्स्योदरीला बोलले, "आई, हिला लागू दे. नवरात्रात याच गाडीनं तुझ्या पायथ्याशी येईन आणि तुझी ओटी भरीन."

'याच गाडीनं' हे शब्द कसे निघाले मला माहीत नाही. हात गाडीवर होता म्हणून निघाले असतील. हात शेंगांवर असता तर शेंगा बोलले असते. पण मागच्या सीटवरून सासूबाईंनी ते ऐकलं. आमच्या सगुणाबाई नवसाच्या बाबतीत वकील आहेत. आष्टीला असताना अर्धं गाव त्यांच्याकडं यायचं, अमका नवस असा फेडला तर चालंल का म्हणून विचारायला, आणि त्यांच्या तोंडून 'चालंल' फार क्वचित निघायचं.

आकांक्षाला नोकरी लागली. दसरा झाला की नागपूरला हजर व्हायचं होतं. घट बसले, मी उपवास धरले, ओटीचा खण आणला, आणि ह्यांनी गाडीचे कागद काढले. विमा संपलेला. विमा भरायचा तर पीयूसी पाहिजे, म्हणजे गाडीचा धूर तपासून मिळणारा दाखला. तोही संपलेला.

"कागद झाल्याशिवाय गाडी गावाबाहेर निघणार न्हाई," हे म्हणाले.

मी भीतभीत सासूबाईंना विचारलं, बसनं गेलं तर? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच बसखाली आले. "तू देवीला बस म्हणलीस का गाडी म्हणलीस?"

झालं. पीयूसीला निघालो.

पीयूसीची व्हॅन पेट्रोलपंपाच्या कडेला उभी असते. आत देवानंद नावाचा माणूस, एक कॉम्प्युटर आणि एक मशीन. तो मशीनची नळी आपल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये घालतो, मशीन धूर हुंगतं, आणि पास की फेल ते पडद्यावर येतं. मला हे फार आवडलं. वाटलं, माणसाचंही असं असतं तर किती वेळ वाचला असता.

आमची गाडी फेल झाली.

देवानंदनं समजावून सांगितलं. गाडी पेट्रोल गरजेपेक्षा जास्त पिऊन राह्यली, त्याच्या मानानं हवा कमी पडून राह्यली, म्हणून पेट्रोल धड जळत न्हाई अन् काळा धूर येतो. मी म्हटलं, दादा, लांबचं जायचं नाही, अंबडपर्यंतच जायचंय, देवीचं काम आहे, थोडं समजून घ्या.

"ऑनलाईन हाय काकू," तो म्हणाला. "मशीनला देवी कळत न्हाई. त्याला आकडा कळतो."

मग गाडी संपतच्या गॅरेजात न्यायची ठरली. आता गॅरेज म्हटलं की ऑईल आलं, चपला आल्या, आणि संपत दुपारचा डबा आमच्याच गाडीत बसून खातो आणि त्या डब्यात काय असतं ते मला माहीत आहे. नवरात्रात. म्हणून गाडी देण्याआधी मी गोमुखी काढून घेतली. खुंटी बाहेर लोंबत राहिली तर बरं दिसत नाही, म्हणून ती अंगठ्यानं नीट आत दाबून ठेवली. घरातलं कपाटाचं दारसुद्धा मला उघडं पाहवत नाही.

संपतनं गाडी चालू केली, बॉनेटला कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा होता. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, हिला काहीच झालेलं न्हाई. तरी साहेबांच्या समाधानासाठी म्हणून त्यानं प्लग बदलले, हवेची जाळी झटकली. हे मागं जाऊन पांढरा रुमाल सायलेन्सरसमोर धरून उभे राहिले. रुमाल पांढराच राहिला. हे रुमालाकडं असे बघत होते, जणू शंभरातले शंभर दाणे उगवलेत.

गाडी घरी आणली. मी आत गोमूत्र शिंपडलं, गोमुखी पुन्हा खुंटीवर लावली, आणि या खेपेला तिच्या जोडीला देवीचा अंगारा लाल कापडात बांधून अडकवला. भरपूर बांधला. पहिल्यांदा मी कमी पडले होते, असं माझं मत झालं होतं.

पंपापर्यंत गाडी उड्या मारत गेली. मशीननं हुंगलं. फेल. आणि मागच्यापेक्षा वाईट फेल. ह्यांनी हौसेनं तोच रुमाल धरला होता, तो काळा झाला.

आता घरात तपास सुरू झाला.

सासूबाईंचं म्हणणं, दृष्ट लागली. शेजारच्या बेबीनंदानं मागच्या आठवड्यात 'अजून चालते का हो तुमची गाडी' असं विचारलं होतं, ते त्यांच्या मनात होतं. त्यांनी मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या ओवाळून गाडीच्या मागच्या चाकाशीच जाळल्या. त्याचा जो धूर झाला तो कुठल्याच पीयूसीत पास झाला नसता. बेबीनंदाच खोकत बाहेर आली आणि म्हणाली, "गाडीचाच का हा धूर? लईच बिघडली म्हणायची."

ह्यांनी मोबाईल काढला. त्यात एक माणूस हिंदीतून सांगत होता की धूर जास्त येत असेल तर ऑक्सिजन सेन्सर बदला. हे अंगणात पोतं टाकून गाडीखाली गेले आणि सबंध दुपार सेन्सर शोधत राहिले. मी मधूनमधून वाकून पाणी देत होते. संध्याकाळी संपतला फोन केला तेव्हा तो म्हणाला, साहेब, ही गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. तुम्ही शोधून राह्यले ते हिच्यात कंपनीनंच बसवलेलं न्हाई. हे गाडीखालून निघाले. पोतं झटकलं. अंघोळीला मात्र खूप वेळ लावला.

मी काय केलं? मी नवसावर नवस केला. पीयूसी होऊ दे, मंगळवार धरीन. (मग लक्षात आलं, मंगळवार मी धरलेलाच आहे. मग बुधवार म्हटलं. तेवढाच एक मोकळा होता.)

गाडी पुन्हा संपतकडं गेली. मी पुन्हा गोमुखी काढली, अंगारा काढला, खुंटी आत दाबली. त्यानं कार्बोरेटर उघडून पेट्रोलनं धुतला. गाडी अशी चालायला लागली की बॉनेटवर पाण्याचा तांब्या ठेवला असता तर हिंदकळला नसता. ह्यांनी नवा रुमाल धरला. पांढरा.

"साहेब, एक सांगू का," संपत हात पुसत म्हणाला. "ही माझ्याकडं येती तवा पोरगी माहेरी आल्यागत हसती. बिघाड माझ्याकडं न्हाई. तुमच्या घरी काही तरी हाय."

सासूबाईंनी हळूच माझ्याकडं पाहिलं. मी ते मनावर घेतलं नाही. सुनेनं प्रत्येक गोष्ट मनावर घेतली तर जपाला वेळ कधी मिळायचा.

घरी आल्यावर मी खुंटीवर गोमुखी लावली, अंगारा लावला, देवघरातली पितळी घंटी लावली, आणि घटापुढचा एक नारळ जाळीच्या पिशवीत घालून तोही अडकवला. खुंटी आता जेवढी बाहेर येऊ शकत होती तेवढी आली होती, पण पडली नाही. मला तिचं कौतुक वाटलं. म्हटलं, जुनं काम ते जुनं काम.

तिसऱ्या तपासणीचं फार वर्णन करत नाही. पंपावर एक कुत्रं कायम झोपलेलं असतं. ते उठून रस्त्यापलीकडं गेलं. देवानंद तोंडाला रुमाल लावून व्हॅनमधून बाहेर आला.

"काकू," तो म्हणाला, "ह्या टायमाला मशीन बी खोकलं."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. ओसरीवर बसून म्हणाले की गाडीला बराबर कळतं आपण कुठं चाललोत. संपतकडं निघालो की सुतासारखी चालती, पीयूसीला निघालो की अडून बसती. असल्या लॉटला आमच्या कंपनीत दुसरा मौका देत न्हाईत, मी तीन दिले. आता अष्टमीला सकाळी शेवटचं जाऊ. न्हाई झालं तर संध्याकाळी भंगारवाला येऊन गाडी घेऊन जाईल, मी त्याला बोलून ठेवलंय.

आमच्या जालन्यात भंगार म्हणजे काय ते सांगायला नको. सकाळी दिलेली वस्तू एमआयडीसीतल्या भट्टीत जाते आणि तिची सळई होते. आमची गाडी वितळून कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसणार. आणि माझा नवस? मी सासूबाईंना रडवेली होऊन विचारलं की 'याच गाडीनं' म्हणाले होते, आता गाडीची सळई झाली तर ती सळई हातगाड्यावर घालून अंबडला नेली तर चालेल का?

सासूबाईंनी त्यावर खरोखर विचार केला. पदर सावरला, भिंतीला टेकल्या, डोळे मिटले. "सळई तीच हाय हे कसं वळखायचं," त्या शेवटी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या टेंपोची निघाली तर नवस त्याच्या नावावर जाईल."

आकांक्षा बॅग भरता भरता म्हणाली, आई, कशाला एवढा जीव जाळतेस, देवी समजून घेते. तिला नोकरी लागली होती, तिला देवी समजून घेणारी वाटणारच. पण मला माहीत होतं. पोरगी पहिल्यांदाच घर सोडून चालली होती, परक्या गावी, रात्रपाळीच्या नोकरीला. तिच्या पाठीमागं आपलं काही देणं राहिलेलं असावं, हे मला चालणार नव्हतं.

अष्टमीला सकाळी निघालो. ओटीचं ताट मी बरोबरच घेतलं. (हे हसले. मी म्हटलं, असू द्या.) गाडी उड्या मारत पंपावर पोचली. देवानंदनं आम्हाला पाहिलं आणि न सांगता तोंडाला रुमाल बांधला.

तो नळी आणायला गेला तेवढ्यात माझ्या मनात आलं, आपण देवीच्या नुसत्या वस्तू लावून मोकळे होतो, नाम कुठं घेतो? नळी आत आहे तोवर आपण जप करू. मी खुंटीवरची गोमुखी काढली. ती काढताना नारळ, घंटी, अंगारा सगळंच हातात आलं, ते मी मागं सासूबाईंच्या मांडीवर दिलं. सवयीनं खुंटी आत दाबली. डोळे मिटले आणि जप सुरू केला. मागं सासूबाईंच्या हातात घंटी किणकिणत होती.

एक माळ पूर्ण झाली. डोळे उघडले तर देवानंद मशीनला टपली मारत होता. त्यानं नळी काढली, फुंकली, पुन्हा घातली. हे खाली उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग दोघंही माझ्याकडं वळले.

"पास हाय," देवानंद म्हणाला, आणि त्याचा आवाज काही खुशीचा नव्हता. त्याचा मशीनवरचा विश्वास उडाल्यासारखा दिसत होता.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी अंबडच्या दिशेनं हात जोडले. हे म्हणाले की काल बायपासला तिसऱ्या गिअरवर गाडी खेचली त्यानं तिचा घसा साफ झाला. संपतला फोन केला तर तो म्हणाला, कार्बोरेटर धुतला की दोन दिवसांनी गुण येतो, मी सांगितलंच व्हतं (त्यानं सांगितलं नव्हतं). सासूबाई म्हणाल्या, मिरच्या. एका पासाचे चार मालक झाले. मी कुणाशी वाद घातला नाही. मला खरं काय ते माहीत होतं.

ह्यांनी तिथंच उभ्याउभ्या मोबाईलवर विमा भरला. गाडीत बसल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? सगळं खुंटीवर परत लावलं. गोमुखी, अंगारा, घंटी, नारळ, आणि पीयूसीचा दाखला घडी करून, हळदकुंकू लावून, गोमुखीच्या आत तळाशी ठेवला. देवीनं दिलेला कागद होता तो. आणि आम्ही अंबडची वाट धरली.

अर्ध्या वाटेत गाडी उचक्या द्यायला लागली. हे आरशात बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मागच्या मोटारसायकलवाल्यानं जवळ येऊन काहीतरी सांगितलं, ते चांगलं नसावं. अंबडजवळ आलो तेव्हा मागचा रस्ता दिसत नव्हता. यात्रेची गर्दी, त्यामुळे नाक्यावर पोलीस होते. एकानं हात केला.

"साहेब, गाडी हाय का वीटभट्टी?" त्यानं विचारलं. "पीयूसी आहे का?"

आयुष्यात इतक्या अभिमानानं मी 'आहे' कधीच म्हटलं नव्हतं. पण दाखला गोमुखीच्या तळाशी होता आणि तिच्यावर नारळ होता. म्हणून मी सगळं खुंटीवरून उतरवून मांडीवर घेतलं, अंगठ्यानं खुंटी आत दाबली, आणि कागद शोधायला लागले.

गाडीची उचकी थांबली. इंजिनाचा आवाज खाली आला. मी दाखला पोलिसाच्या हातात दिला. त्यानं आजची तारीख पाहिली, मग गाडीच्या मागं जाऊन पाहिलं. धूर गेला होता. तो परत खिडकीशी आला तोवर मी सगळं नीट परत लावलं होतं, आणि गाडी पुन्हा धडधडायला लागली होती.

त्यानं वाकून खिडकीतून आत पाहिलं.

"ताई, ते जरा काढा."

मी काढलं. खुंटी आत दाबली. गाडी शांत.

"आता लावा."

लावलं. धूर.

"काढा."

गाडी शांत.

"अजून एकदा लावा," मागून सासूबाई म्हणाल्या. त्यांना मजा यायला लागली होती.

पोलिसानं खिडकीतून हात घालून खुंटी बोटानं दाखवली. "हा चोक हाय, ताई. आमच्या मामाच्या जीपला व्हता. थंडीत गाडी चालू होत न्हाई तवा हा ओढायचा, म्हंजी हवा कमी होती अन् पेट्रोल जास्ती जातं. चालू झाली की आत ढकलायचा. तुम्ही ह्याला नारळ बांधून राह्यल्या."

मी ह्यांच्याकडं पाहू शकले नाही. नवरात्राच्या पहिल्या दिवसापासूनचं सगळं माझ्यासमोरून गेलं. गोमुखी, थोडा धूर. अंगारा, जास्त धूर. नारळ, आणि ते कुत्रं उठून गेलं. जेवढी मी देवीला विनवत होते तेवढीच गाडी पेट्रोल पीत होती.

"वसंता म्हणला व्हता हात लावू नको," हे अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मी लावला न्हाई."

"तुम्ही नाही लावला," मी म्हटलं. "मी लावला."

"म्हंजी नवस बोलली वंदना," मागून सासूबाईंचा निवाडा आला, "नवसाला आडवी आली वंदना, अन् परमेश्वरा, गाडीला भट्टीत घालायला तू निघाला व्हतास."

ह्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होते. कपाळ स्टिअरिंगला टेकवून हसत होते, त्यामुळे हॉर्न वाजला, यात्रेतली माणसं बाजूला झाली, आणि पोलिसानं मिळालेल्या वाटेनं आम्हाला पुढं काढून दिलं. जाता जाता ह्यांनी भंगारवाल्याला फोन केला. येऊ नको, म्हणाले. गाडीला काही झालेलं न्हाई, तिच्यावर भार जास्ती झाल्ता.

मी पायऱ्या चढले, देवीची ओटी भरली. मनात तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हटलं, आई, पास तूच केलंस, मी मधून बाजूला झाले तेव्हा केलंस. देवी हसली असं मला वाटलं. (गर्दी फार होती, नक्की सांगता येणार नाही.) सासूबाईंनी बाहेर आल्यावर विचार करून सांगितलं की नवस फिटला, गाडी तीच होती. त्यांच्या तोंडून ते ऐकल्यावर मला भूक लागली. त्या दिवशी भगर आणि शेंगदाण्याची आमटी मी दोनदा घेतली.

आकांक्षा नागपूरला रुजू झाली. तिथल्या मैत्रिणींना तिनं ही गोष्ट सांगितली, आणि आता त्यांच्या वॉर्डात कुणी सलाईनच्या स्टँडला पर्स अडकवली की तिला 'वंदनाबाई' म्हणतात. असू दे. पोरीला परक्या गावात हसायला कारण मिळालं.

पीयूसीचा दाखला संपला तसं परवा पुन्हा देवानंदकडं गेलो. चोकची गोष्ट त्याच्या कानावर गेलीच होती. व्हॅनला नवी पाटी लावलेली होती, लाल अक्षरांत: 'तपासणीआधी गाडीतले देव उतरवून घ्यावेत.' हे मोठ्यानं वाचायला लागले. देवानंद लाजून म्हणाला, काकू, तुमच्यामुळं लई गाड्या पास झाल्या.

मला बरं वाटलं. पाटीचा मान ठेवायचा म्हणून मी गाडीतली गोमुखी घेतली (आता ती मी पर्समध्येच ठेवते, पण पर्सही गाडीत होती), घंटी घेतली, आणि सासूबाईंनी शेजारणींसाठी आणलेला प्रसादाचा नारळही घेतला. दोन्ही हात भरले. पदर सांभाळायला एक हात तरी मोकळा पाहिजे. व्हॅनच्या दारातच एक छान काळी, जाड डोक्याची खुंटी होती. मी सगळं तिच्यावर अडकवलं आणि डोळे मिटून हात जोडले.

आत काहीतरी चूंऽऽ करून बंद पडलं. पडदा काळा झाला.

"काकू," देवानंद फार हळू म्हणाला, "ते मशीनचं बटण हाय."